भैयालालच्या चोराची चौकशी

भैयालाल बहेकार दुकानात शिरला की दुकानदार आधी गल्ल्याकडे बघतो आणि मग भैयालालकडे. यात त्याचा काही दोष नाही. मान बैलासारखी, मिशी जाडजूड, आणि राहिलेली कसर एका लग्नात मांडवाच्या लाकडी बल्लीनं भरून काढली. ती त्याच्या डोक्यावर पडली तेव्हापासून डाव्या भुवईचे दोन तुकडे आहेत. लग्नसराईतल्या जागरणांनी डोळे कायम लाल. भांड्यांनी भरलेली त्याची गाडी गोंदियाकडे निघाली की राज्याच्या सीमेवरच्या राजेगाव नाक्यावर बाकीच्या गाड्या सुटतात आणि ही तेवढी बाजूला घेतली जाते. तो उतरतो, ताडपत्री सोडतो, पराती आणि कढया दाखवतो, आणि वर शिपायाला सांगतो की साहेब, घरी काही कार्य असलं तर आठवण ठेवा.

लग्नाकार्याला भांडी भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. बालाघाटात अर्ध्या गावाच्या पंगती त्याच्या पातेल्यांत शिजतात. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा भांडी पोचवायला आला आणि माझ्या टेबलावरचा नकाशा बघून उभाच राहिला. मी तेव्हा रविवारच्या खेळाची तयारी करत बसले होते.

हा खेळ म्हणजे काय, ते बालाघाटात मला इतक्यांदा समजावून सांगावं लागलं आहे की आता तोंडपाठ झालंय. मी इंदूरला शिकायला होते तेव्हा हॉस्टेलवर शिकले. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं, म्हणजे इथे मी, गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि ते काय करतं ते बोलायचं. त्याला ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पैसे लागत नाहीत, पत्ते लागत नाहीत, वेळ मात्र भरपूर जातो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे दुसऱ्यांचा वेळ घालवण्याची मला सवय आहे.

खेळात प्रत्येकानं आपल्या माणसाचा एक पेशा निवडायचा. आमचा वीरेंद्र औषधांचं दुकान चालवतो, वाऱ्यानं उडेल असा आहे, म्हणून तो योद्धा झाला होता. समीक्षा शाळेत गणित शिकवते, ती जादूगार होती. चोर रिकामा होता. भैयालालनं रविवारी येऊन मलाही खेळता येईल का असं विचारायचा अवकाश, वीरेंद्र म्हणाला, "इसको चोर दे दो यार, मेकअप का खर्चा भी बचेगा." सगळे हसले. भैयालालही हसला, पण जरा उशिरा. मला राग आला, पण माझा राग नेहमी चहा गार झाल्यावर येतो. तोवर तो चोर होऊन बसला होता.

इथे चोरांबद्दल थोडं सांगायला हवं. हॉस्टेलवर मी जितके चोर पाहिले ते सगळे एका साच्यातले. आईबाप लहानपणीच मेलेले, डोक्यावर काळं पांघरूण, खानावळीत कोपऱ्यात बसणार, कुणाशी धड बोलणार नाही. आणि रात्र झाली की शत्रूचं सोडून आपल्याच सोबत्यांचे खिसे कापणार. जाब विचारला तर खेळणारा म्हणतो, मी काय करू, माझा माणूसच तसा आहे. अशा एका चोरापायी माझ्या दोन मैत्रिणी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्यामुळे भैयालालच्या चोराबद्दल माझ्या फार अपेक्षा नव्हत्या.

त्यानं चोराचं नाव कचरू ठेवलं. कचरूचे आईबाप दोघंही हयात, एक बहीण, ती चांगल्या घरी दिलेली. समीक्षानं विचारलं की चोराचे आईबाप जिवंत कसे. भैयालालला प्रश्नच कळला नाही. "काहून मरतीन?" तो म्हणाला, "धट्टेकट्टे आहेत."

कचरू खानावळीत शिरला की आधी मालकाला जेवलात का विचारायचा. पहारेकऱ्याच्या पाठीत सुरा खुपसायची सोय चोराला असते, खेळाच्या नियमातच आहे. कचरू पहारेकऱ्याच्या समोर जाऊन बसायचा आणि त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचा. दबक्या पावलांनी चालण्याची त्याची विद्या त्यानं पहिल्यांदा वापरली ती झोपलेल्या म्हातारीची झोपमोड होऊ नये म्हणून. एका किल्ल्यात शिरायचं होतं. वीरेंद्र भिंत चढायचा बेत करत होता, समीक्षा धुकं पाडायच्या विचारात होती. भैयालालनं विचारलं की आत काही कार्य आहे का. मी म्हटलं, असेल, सरदाराच्या मुलीचं लग्न आहे. मग कचरू वरणाची बादली हातात घेऊन सरळ मोठ्या दरवाज्यातून आत गेला. वाढप्याला कोणी अडवत नसतं म्हणे. मला तो बेत इतका आवडला की मी फासा टाकायलाही सांगितलं नाही, आणि समीक्षा त्यावरून माझ्याशी भांडली.

पण त्याच्या चांगुलपणानं आमचा घातही व्हायचा. त्याच किल्ल्यातल्या पेटीतून कचरूनं नकाशा काढला आणि पेटी बंद करायच्या आधी आपल्या पिशवीतले मूठभर पोहे आत टाकले. वीरेंद्रनं कपाळाला हात लावला. भैयालालचं म्हणणं असं की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारीण वाटीभर भाजी देते, वाटी परत करताना आपण त्यात साखर तरी घालतो. मग पेटी म्हणजे तरी काय, मोठं भांडंच. पुढे तो प्रत्येक पेटीत, प्रत्येक तिजोरीत पोहे टाकत गेला. शेवटी खलनायकाच्या हेरांनी पोह्यांवरूनच आमचा माग काढला आणि योद्धा, जादूगार, चोर, सगळे नदीत उडी टाकून कसेबसे वाचले. वीरेंद्रचं सगळं चिलखत त्यात वाहून गेलं. ते त्यानं मनाला फार लावून घेतलं.

याच सुमाराला भैयालालच्या आयुष्यात पौर्णिमा आली. खैरलांजीला एका लग्नात त्याची भांडी गेली होती. दुसऱ्या दिवशी तो परत आणायला गेला तर नवरीच्या एका लांबच्या बहिणीनं सगळ्या पराती घासून, पुसून एकावर एक लावून ठेवल्या होत्या. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असं कोणी केलं नव्हतं. बाकी लोक करपलेला भात तसाच ठेवून परत करतात. तीच पौर्णिमा दोनोडे. वारासिवनीला एका पॅथॉलॉजीत रक्त तपासते. त्यानं मामांमार्फत विचारणं पाठवलं आणि तिकडून नकार आला नाही, विचार करतो असा निरोप आला.

हे साधं वाटेल, पण भैयालालला आजवर विचार करतो असंही कोणी म्हटलं नव्हतं. आधीची स्थळं फोटोवरच मोडत. एका ठिकाणी तर मुलीच्या काकानं तोंडावर सांगितलं की मुलगा मवाली दिसतो. तो हे हसत सांगायचा. या वेळी मात्र हसला नाही. एका रविवारी सगळे गेल्यावर चहाचे कप उचलता उचलता म्हणाला, "ताई, हे जमलं पाह्यजे बस. मले दुसरं काही नाही पाह्यजे."

आमच्याकडे मुलीचा बाप होकार द्यायच्या आधी चौकशी करतो. उघडपणे नाही. पानठेल्यावर, किराणा दुकानात, मुलाच्या शेजाऱ्यांकडे, दुसराच काही विषय काढून. पौर्णिमाचे वडील प्रेमलाल दोनोडे यांचं धानाचं रोवणं आटपलं होतं, हाताशी वेळ होता, आणि त्यांनी बालाघाटात येऊन मनापासून चौकशी केली. आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर त्यांना कळलं की भैयालाल दर रविवारी दुपारी गुणाकरबाबूंच्या घरी जातो. गुणाकरबाबू म्हणजे माझे वडील, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले आणि आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट न घेतलेले गृहस्थ. दार बंद असतं, आतून फासे पडल्याचा आवाज येतो, माणसं ओरडतात. दार डासांमुळे बंद असतं, पण हे पानठेल्याला कोण सांगणार. वर त्या पानवाल्यानं ही पण माहिती पुरवली की तिथं हा चोर आहे, सगळे त्याला चोरच म्हणतात.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या रविवारी मला एवढंच माहीत होतं की वीरेंद्रनं भैयालालकडून वचन घेतलं आहे. चिलखताचं दुःख त्याला विसरवत नव्हतं. एक दिवस तरी खऱ्या चोरासारखा खेळ, नाहीतर मी खेळ सोडतो, असं त्यानं बजावलं होतं. भैयालालला भांडण नको असतं. तो बरं म्हणाला, आणि एकदा बरं म्हटलं की ऑर्डर घेतल्यासारखं पुरं करतो. त्या दिवशी तो डोक्याला काळा गमछा गुंडाळून आला. मी म्हटलं, हे काय. तो म्हणाला, आज पाहाच तुम्ही.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला होता तेव्हा एक गृहस्थ दारात आले. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, हातात नवी कोरी पिशवी. भाच्याला बालाघाटात शिकायला ठेवायचं आहे, खोली भाड्यानं मिळेल का असं ऐकलं, असं बाबांना म्हणाले. आमच्याकडे खोली भाड्यानं द्यायची नाही, कधी नव्हतीही. पण बाबांना निवृत्तीनंतर कोणी काही मागितलेलंच नाही. त्यांनी उत्साहानं मागची खोली दाखवली, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, आणि पाहुण्यांना आमच्याच खोलीत खुर्ची देऊन चहा करायला गेले.

पाहुण्यांनी भाडं विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे टेबलावरून फिरत होते आणि भैयालालवर येऊन थांबत होते. गाव विचारलं तर खैरलांजी सांगितलं आणि लगेच जीभ चावली. मी ओळखलं. समीक्षानंही ओळखलं असावं, कारण तिनं मला टेबलाखालून लाथ मारली. ओळखलं नाही ते फक्त भैयालालनं. त्यानं फोटो पाहिला होता तो मुलीचा, बापाचा नाही. आणि आज तो कामात होता.

काय काम करत होता म्हणून सांगू. कचरूनं त्या दुपारी खानावळीच्या मालकाला दम दिला. जादूगारणीच्या झोळीतल्या पुड्या उडवल्या. एका आंधळ्याच्या वाडग्यातली नाणी उचलली आणि त्यात काहीही टाकलं नाही. भैयालाल भुवई चढवून, घोगरा आवाज काढून असा बोलत होता की माझ्याच अंगावर काटा आला. वीरेंद्र टाळ्या पिटत होता. पाहुण्यांच्या हातातली पिशवी छातीशी गेली होती. मी घसा खाकरला, डोळे मोठे केले, खिडकीकडे मान केली. भैयालालला वाटलं मी शाबासकी देते आहे. त्यानं आणखी एक खिसा कापला.

खेळ थांबवावा असं मनात आलं. पण थांबवून सांगणार काय? हा मुलगा खरं तर देवमाणूस आहे, फक्त आजच नाही? मी गोष्ट दुसरीकडे वळवायला गेले आणि घाईत नेमका तोच प्रसंग काढला जो पुढच्या रविवारसाठी राखून ठेवला होता. योद्धा तंबूत झोपला आहे. खलनायकाचा प्रधान कचरूला गाठतो आणि म्हणतो की या झोपलेल्याच्या गळ्यावरून सुरी फिरव, सोन्याची पेटी तुझी. बोलून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

भैयालालनं फासा उचलला. "हौ," कचरूच्या आवाजात म्हणाला, "मारतो."

"ए बाबू, थांब जरा."

आम्ही सगळे वळलो. पाहुणे उभे राहिले होते. खोली, भाचा, सगळं विसरले होते. "झोपला आहे न तो," ते म्हणाले, "झोपलेल्या माणसाले मारते का कोणी? दोस्त आहे न तुझा?"

भैयालालचा चेहरा एकदम सैल पडला. त्यानं गमछा काढून मांडीवर ठेवला. "मले कुठं मारायचं आहे, काकाजी," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "हे म्हणतेत, चोर आहेस तर चोरावानी खेळ."

"अन् तू ऐकून राह्यला?"

"तोंड पाहूनच ठरवतेत न सगळे. रोजच. मले वाटलं, एक दिवस त्यायच्या मनासारखं करून पाहावं. बरं वाटन."

"मंग? वाटलं बरं?"

"नाही," भैयालाल म्हणाला.

वीरेंद्र खाली बघत होता. पहिल्या दिवशीचा तो मेकअपचा विनोद त्याचा होता, आणि त्याला तो आठवला असावा. मला भैयालालबद्दल एवढी माया दाटून आली की मी नकाशाच्या घड्या घालायला लागले. पाहुणे मात्र अजून तंबूतच होते. त्यांनी विचारलं की त्या झोपलेल्याला उठवता येत नाही का. मी म्हटलं, येतं, पण प्रधानाच्या नकळत उठवायला हवं, त्याला फासा टाकावा लागेल. भैयालालनं फासा त्यांच्या तळहातावर ठेवला. "काकाजी, तुम्हीच टाका. माह्या हात आज काही चांगला नाही."

जुगार पकडायला आलेला माणूस फासा हातात घेऊन उभा होता. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, रस्त्यावरून कोणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि टाकला. एक पडला. त्याहून खाली काही नसतं. योद्धा जागा झाला तो प्रधानाच्या पायावर पाय देऊन, आणि आमची सगळी टोळी तुरुंगात गेली. पाहुण्यांना वाईट वाटलं. माझ्यापायी झालं म्हणाले, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि आम्हाला सोडवायला बसले.

बाबांनी चहा आणला, पुन्हा आणला. पाहुण्यांचं म्हणणं होतं की तुरुंगाच्या शिपायाशी त्याच्या शेतीबद्दल बोलावं, धान कसं आहे विचारावं, माणूस आपोआप नरम येतो. भैयालालला हे एकदम पटलं. दोघं मिळून शिपायाशी इतकं बोलले की मला शिपायाला शेत, बैल आणि एक आजारी बायको द्यावी लागली. मग त्या बायकोला कोणतं औषध द्यावं यावर वीरेंद्र बोलला. कुलूप शेवटी उघडलं नाहीच, पण शिपाई आमच्याबरोबर जेवायला बसला. बाहेर दिवेलागण झाली आणि पाहुण्यांना आठवलं की त्यांची शेवटची बस गेली असणार.

भैयालाल लगेच उठला. गाडी बाहेरच उभी आहे, काकाजी, मी सोडून देतो म्हणाला. आम्ही सगळे त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो. बाबा खोलीचं काय ठरवलं ते विचारत होते आणि त्यांना कोणी उत्तर देत नव्हतं.

"कोण्या गावले जायचं?" भैयालालनं चाव्या काढत विचारलं.

"खैरलांजी."

"खैरलांजीत कोणाकडं?"

प्रेमलाल दोनोडेंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते लाजले होते. पांढऱ्या केसांचा माणूस असा लाजलेला मी पहिल्यांदा पाहिला. "माह्याच घरी," ते म्हणाले. "पौर्णिमाचा बाप आहे मी. खोली-गिली काही पाह्यजे नव्हती मले."

भैयालालच्या हातातल्या चाव्या खाली पडल्या. त्या उचलायचंही त्याला सुचेना. त्यानं तोंड उघडलं, आंधळ्याच्या वाडग्याबद्दल काहीतरी सांगू लागला, कचरू तसा नाही, आजच फक्त, असं काही. ते नीट जुळेना.

"राहू दे," प्रेमलाल म्हणाले. "लय लोकाले विचारलं तुझ्याबद्दल. कोणी म्हणे असा, कोणी म्हणे तसा. आता सोता पाह्यलं मी. चाल, गाडी काढ. पोरीले फोन करून सांगतो, जावई जेवाले येऊन राह्यला म्हणून."

भैयालालनं चाव्या उचलल्या. गाडीचं दार उघडलं आणि ते आत बसेपर्यंत हातानं धरून ठेवलं. मग दार लावलं, आणि आमच्याकडे पाठ करून, गाडीला टेकून, गमछ्यात तोंड घालून रडला. वीरेंद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तो बराच वेळ हलेना, तेव्हा प्रेमलालांनी आतून हात लांब करून हॉर्न वाजवला.